पत्रपेटीवर नाव लागेपर्यंत

मुलगा किंवा मुलगी परदेशी निघाली की आपल्या घरांत दोन गोष्टींची तयारी होते : एक सामानाची आणि दुसरी हिशेबाची. पेटीत किती किलो बसेल ही चर्चा तिकिटाबरोबर सुरू होते. परंतु पहिला पगार कधी हाती पडेल, कर्जाचा पहिला हप्ता कधी फिटेल, छपराची कौले कोणत्या महिन्यात बदलता येतील, हे गणित त्याहूनही आधी मांडून झालेले असते. यात आम्हांस काही गैर दिसत नाही. प्रापंचिक माणसाने हिशेब करू नये तर कोणी करावा? परंतु जर्मनीस जाणाऱ्यांच्या बाबतीत हा हिशेब बहुधा चुकतो, आणि चुकला म्हणजे त्याचा दोष त्या पोराच्या माथी येतो. ‘जाऊन सहा महिने झाले, अजून घरी काही पाठविले नाही,’ हे वाक्य आपल्या धर्मग्रामांतील घरांत आता आमच्या कानांवर वरचेवर पडू लागले आहे. म्हणून आजचे सदर आम्ही जाणाऱ्यांसाठी लिहीत नसून, मागे राहणाऱ्या आईबापांसाठी लिहीत आहोत.

घर सोडणे आपल्या लोकांस नवे नाही. गोव्याचा दर्यावर्दी मुंबईस उतरला की धोबीतलावाच्या आसपास त्याच्या गावाची कूड त्याची वाट पाहत असे. तेथे निजावयास जागा, पेटी ठेवावयास कोपरा, ठरल्या वेळी जपमाळ, आणि चार ओळखीचे आवाज. पुढे कोणी पूर्व आफ्रिकेत गेले, आणि त्यानंतर दोन पिढ्यांनी आखात पाहिले. आखाताचे गणित सरळ होते. बहुतेकांना राहावयाची खोली मालक देई, परवाना मालक काढी, आणि माणूस कितीही वर्षे राहिला तरी पाहुणाच राही. त्यामुळे जे मिळे ते साठे, आणि साठे ते घरी येई. आजही आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी परदेश म्हटला की याच मापाने मोजतात.

जर्मनीचे माप निराळे आहे, कारण त्या देशाने पाहुण्यांचा अनुभव एकदा घेतलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांना हात कमी पडू लागले, तेव्हा पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी, १९६० मध्ये स्पेन व ग्रीसशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी आणि १९६४ मध्ये पोर्तुगालशी कामगार आणण्याचे करार केले. ही माणसे चार वर्षे राबून परत जातील अशी सर्वांची, खुद्द त्या कामगारांचीही, समजूत होती. १९७३ मध्ये भरती थांबविण्यात आली. पुष्कळ जण परत गेले. परंतु लक्षावधी तेथेच राहिले, त्यांची बायकामुले आली, आणि भाषा न शिकविता, घर न देता माणसे नुसती कामाला लावली याची किंमत दोन्ही बाजूंनी फार वर्षे मोजली. त्याच काळात, १९६० च्या दशकात, केरळातील अनेक तरुण मुली ख्रिस्तसभेच्या ओळखीने तेथील रुग्णालयांत परिचारिका म्हणून गेल्या. त्यांतील कितीतरी जणींची नातवंडे आज त्या देशात शाळेत जात आहेत.

आता हा रस्ता आपल्या दारापर्यंत आला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये भारत व जर्मनी यांच्यात स्थलांतराविषयी करार झाला. २०२४ साली भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला २० हजारांऐवजी ९० हजार प्रवेशपरवाने देण्याचे जर्मन सरकारने जाहीर केले. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या प्रांताशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. या प्रांताची राजधानी श्टुटगार्ट व मुंबई ही १९६८ पासूनची भगिनी-नगरे आहेत. करार झाला म्हणजे परवाना मिळाला असे नव्हे, हे आम्ही जाता जाता बजावून ठेवतो. वर्तमानपत्रातील मथळा वाचून नोकरी सोडणारे आणि दलालाच्या हाती लाख-दोन लाख ठेवणारे थोडे नाहीत.

आता त्या मुलीचे—आपण मुलगीच धरू, कारण परिचारिका म्हणून जाणाऱ्यांत त्याच अधिक—पहिले महिने कसे जातात ते पाहू.

तेथे सर्व काही घरापासून सुरू होते. घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर-कार्यालयात आपली नोंद करावी लागते. या नोंदीस ‘आनमेल्डुंग’ म्हणतात, आणि हा शब्द ती मुलगी ‘नमस्कारा’च्याही आधी शिकते. नोंदीसाठी घरमालकाची लेखी खात्री लागते. २०१५ पासून तसा कायदाच आहे. नोंद झाली की करखात्याचा ११ आकडी क्रमांक टपालाने येतो. तो क्रमांक वेळेवर मालकास दिला नाही तर पगारातून कर चढ्या दराने कापला जाऊ शकतो. बँक, आरोग्यविमा, राहण्याचा परवाना या सर्वांची दारे त्याच नोंदीच्या कागदाने उघडतात. म्हणजे घर नाही तर कागद नाही, आणि कागद नाही तर बाकी काही नाही. आता गंमत अशी की, पुष्कळ घरमालक पगाराचा दाखला पाहिल्यावाचून घर देत नाहीत. या चक्रात कोठून शिरावयाचे याचा शोध घेण्यातच कित्येकांचे दोन महिने जातात. मोठ्या शहरांत तर त्या कार्यालयाची भेटीची वेळ मिळावयासही आठवडे लागतात.

आणि हे सगळे टपालाने चालते! संगणकयुगात वावरणाऱ्या आपल्या पोरांना याचे फार नवल वाटते. बँकेचा सांकेतिक अंक, विम्याचे पत्रक, करखात्याचा क्रमांक, सारे कागदी पाकिटातून येते. आणि पत्रपेटीवर आडनाव चिकटविलेले नसेल तर टपालवाला ते पाकीट सरळ परत नेतो. आपल्याकडे पोस्टमन ‘अमक्याची धाकटी का?’ असे विचारून दारात येतो, तसे तेथे घडत नाही. इमारतीत बहुधा घरांना क्रमांकही नसतात; दारावरचे व पेटीवरचे नाव हीच ओळख. दुसऱ्याच्या घरात एक खोली घेऊन राहणाऱ्या मुलीचे नाव पेटीवर लावावयास मूळ भाडेकरू कधीकधी तयार नसतो. अशा मुलीचा पत्ता कागदोपत्री असून नसल्यासारखा असतो.

भाड्याचा शब्दही समजून घेण्याजोगा आहे. तेथे ‘थंड भाडे’ आणि ‘ऊबदार भाडे’ असे दोन प्रकार असतात. थंड म्हणजे नुसत्या जागेचे. ऊबदार म्हणजे पाणी, जिन्याची सफाई, कचरा आणि बहुधा हिवाळ्यातील ऊब धरून. विजेचे बिल बहुधा याहून वेगळे. अनामत म्हणून तीन महिन्यांच्या थंड भाड्याइतकी रक्कम घरमालक मागू शकतो. ती तीन हप्त्यांत देण्याची मुभा कायद्याने भाडेकरूस दिली आहे, परंतु नवख्या माणसास हे सांगतो कोण? शिवाय रिकामे घर म्हणजे तेथे खरोखरच रिकामे. पुष्कळदा स्वयंपाकघरात ओटा नाही, शेगडी नाही, भांडी घासावयास मोरी नाही. कधी छताला दिवाही नसतो, नुसत्या तारा लोंबत असतात. आधीच्या भाडेकरूने सारे उचलून नेलेले असते. त्यात दूरचित्रवाणी असो वा नसो, दर घरटी महिन्याला १८.३६ युरो प्रसारणशुल्क द्यावेच लागते. पहिला पगार कोठे जातो हे आता आईबापांनीच पाहावे.

तो पगार तरी पुरता कोठला? भारतातून गेलेल्या परिचारिकेचे शिक्षण तेथे तपासले जाते. ते मान्य होऊन परीक्षा वा अनुभवकाल पुरा होईपर्यंत तिला साहाय्यक म्हणून, कमी वेतनावर, काम करावे लागते. नियुक्तिपत्रावर दिसणारा आकडा आणि हाती येणारा आकडा यांत एकट्या माणसाच्या बाबतीत सुमारे तिसऱ्या हिश्श्याचे अंतर पडते. प्राप्तिकर, निवृत्तिवेतन, बेकारीचा विमा, आणि बिस्मार्कने १८८३ मध्ये सुरू केलेला आरोग्यविमा. या विम्याची मूळ वर्गणी पगाराच्या १४.६ टक्के, तिचा निम्मा भार मालक उचलतो. हे पैसे वाया जात नाहीत. ती मुलगी आजारी पडली तर रुग्णालयाचा खर्च काढण्यासाठी गावाकडे जमीन विकावी लागणार नाही. परंतु घरी पाठवावयास मात्र ते उरत नाहीत, एवढे खरे.

विद्यार्थी म्हणून जाणाऱ्याची कथा आणखी निराळी. त्याने आधीच ११,९०४ युरो जर्मन खात्यात अडकवून ठेवावयाचे आणि महिन्यास ९९२ युरोप्रमाणे स्वतःचेच पैसे परत घ्यावयाचे, असा २०२४ पासूनचा दंडक आहे. अशा मुलाकडून आपण पैशाची अपेक्षा करणे म्हणजे स्वतःच दिलेले कर्ज स्वतःच मागणे होय.

आता त्या नोंदणीच्या अर्जातील एका लहान चौकटीविषयी. वाचकहो, या सदरास तिच्याविषयी बोलल्यावाचून गत्यंतर नाही.

त्या चौकटीत धर्म लिहावयाचा असतो. ‘रोमन कॅथलिक’ असे लिहिले की प्राप्तिकराबरोबर ‘किर्खेनश्टॉयर’ म्हणजे चर्चचा कर सुरू होतो. हा कर उत्पन्नावर नसून प्राप्तिकराच्या रकमेवर असतो : बायर्न व बाडेन-व्युर्टेम्बर्ग या प्रांतांत ८ टक्के, अन्यत्र ९ टक्के. वर्षाचा प्राप्तिकर ३,००० युरो झाला तर श्टुटगार्टमध्ये चर्चचा कर २४० युरो, म्हणजे महिन्यास २० युरो. ज्याला प्राप्तिकर नाही त्याला हाही नाही. या कराचे मूळ जुने आहे. १८०३ मध्ये जर्मन राजांनी ख्रिस्तसभेच्या जमिनी ताब्यात घेतल्या. पुढे त्या शतकात, धर्मग्रामांचा खर्च सभासदांनीच सोसावा म्हणून एकेका राज्यात हा कर आला. १९१९ च्या वायमार राज्यघटनेत तो नमूद झाला, आणि १९४९ च्या मूलभूत कायद्याने ती कलमे तशीच उचलली.

नवख्या मुलीस ओळखीचे लोक, कधी आपलेच लोक, कानात सांगतात, ‘चौकट रिकामी सोड, पैसे वाचतील.’ तिला वाटते, आपण एक कागद भरीत आहोत. परंतु स्नानसंस्कार साळशेतीत झाला असो की खानापुरात, तेथील कायद्याच्या दृष्टीने तो स्नानसंस्कारच. बर्लिनमध्ये तर चर्चच्या करासाठी माणसाच्या मूळ धर्मग्रामाकडे चौकशी होऊन मागील वर्षांचा कर एकदम मागितल्याची उदाहरणे घडली आहेत. आणि पुढे कोणी सरकारी कचेरीत जाऊन ‘मी चर्च सोडीत आहे’ अशी रीतसर घोषणा केली, तर प्रश्न नुसत्या पैशाचा राहत नाही. २०१२ मध्ये जर्मन बिशपांनी काढलेल्या आदेशानुसार अशा व्यक्तीस पापनिवेदन, ख्रिस्तशरीर, दृढीकरण हे संस्कार मिळत नाहीत. रुग्णाभ्यंग फक्त मृत्यूच्या संकटात. तिला धर्ममाता होता येत नाही, चर्चमधील विवाहास बिशपांची परवानगी लागते, आणि पश्चात्ताप दिसला नाही तर ख्रिस्ती दफनही नाकारले जाऊ शकते.

हा आदेश कठोर आहे असे खुद्द जर्मनीतील अनेक श्रद्धावंत म्हणतात, आणि श्रद्धा व कर एकाच पावतीवर असावेत की नाही याविषयी मतभेद आहेत. २०२२ या एका वर्षात तेथील पाच लाखांहून अधिक कॅथलिकांनी चर्च सोडल्याची नोंद केली. सर्वांचे कारण पैसा हे नव्हते, लहान मुलांवरील अत्याचारांची उघडकीस आलेली प्रकरणेही त्यामागे होती. त्या वादात न्याय देणारे आम्ही कोण? परंतु आमचे मत स्पष्ट आहे : जिने आपल्या गावच्या चर्चच्या सणासाठी पहिल्या पगारातून देणगी ठरवून ठेवली आहे, तिने महिन्याच्या वीस युरोंसाठी आपण कोण हे लपवू नये. चौकट भरावयाची की नाही हे तिने जाणून ठरवावे, रांगेत मागे उभ्या असलेल्या इसमाच्या कुजबुजीवरून नव्हे. आणि हे तिला निघण्यापूर्वी घरातच कळलेले असावे. विमानतळावर गळ्यात पदक घालणाऱ्या आईने हेही एकदा सांगितले तर काय बिघडेल?

या कराच्या बदल्यात तिला काय मिळते? पहिल्या रविवारी कदाचित निम्मी रिकामी बाके आणि पिकल्या केसांची मंडळी. खेड्यांत एकेका धर्मगुरूकडे अनेक चर्चेस असल्यामुळे दर रविवारी मिस्सा होईलच असेही नाही. आणि झालीच तर वेदीवरचा धर्मगुरू पुष्कळदा केरळचा निघतो. परंतु मिस्सा संपल्यावर कॉफीचा पेला हाती देऊन ‘तू कोठली?’ असे विचारणारी म्हातारी बहुधा तेथेच भेटते. तिच्याच ओळखीने पुढे घर मिळते, जुनी शेगडी मिळते, सायकल मिळते. कोलोन येथे तर भारतीय कॅथलिकांची स्वतंत्र मंडळीही आहे. कूड नाही, पण दार आहे.

रविवारचे म्हणाल तर तेथील रविवार पाहून आपल्या आज्यांना संतोष झाला असता. दुकाने बंद. भिंतीला खिळा मारणे, यंत्राने गवत कापणे, रिकाम्या बाटल्या काचेच्या पेटीत खळखळ ओतणे, सारे बंद. रविवार हा विसाव्याचा व मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून राज्यघटनेनेच राखून ठेवलेला आहे. एरवीही रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. श्टुटगार्टच्या बाजूस ‘केअरवोखे’ नावाची प्रथा आहे : ज्याच्या दारावर पाटी लटकेल त्याने त्या आठवड्यात जिना व दारापुढची वाट झाडावयाची. पाटी दिसूनही जिना झाडला नाही तर शेजारी भांडत नाहीत. ते चिठ्ठी लावतात. आमच्या मते भांडण बरे.

भाषेबाबत मात्र मराठी घरातल्या मुलांनी फार धास्ती बाळगू नये. इंग्रजीवरून जर्मनकडे जाणारा माणूस तीन लिंगे पाहून घाबरतो. आपण तो, ती, ते म्हणतच वाढलो. ‘दू’ आणि ‘झी’ यांतला भेद ज्याने ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांत चुकून आजोबांची बोलणी खाल्ली आहेत, त्यास शिकवावा लागत नाही. इंग्रज वीस-एक म्हणतो. जर्मन ‘एक-आणि-वीस’ म्हणतो, आपण एकवीस. दक्षिणेकडे तर पावणेचारला ‘पाऊण चार’ म्हणतात. फसगत होते ती एकाच ठिकाणी : ‘अर्धे चार’ म्हणजे साडेचार नव्हे, साडेतीन. या एका तासापायी पुष्कळांच्या भेटीच्या वेळा चुकल्या आहेत. पुणे-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात ही भाषा शिकता येते, आणि निघण्यापूर्वी तिच्यावर घातलेले वर्ष वाया जात नाही.

राहिला एकटेपणा. डिसेंबरात दुपारी साडेचारलाच अंधारते. त्या वेळी आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजलेले असतात, जेवणे उरकलेली असतात आणि फोनची घंटी वाजते. त्या फोनवर पहिला प्रश्न पैशाचा नसावा, एवढेच आम्ही आईबापांस विनवितो. ‘पेटीवर नाव लागले का? शेजारी कोण आहे? आज काय रांधलेस?’ असे विचारावे. तिला खरे सांगावयास जागा राहील.

रांधण्यावरून सामानाची आठवण झाली. युरोपीय संघात बाहेरून मांस व दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, म्हणून गोव्याची चोरीस आणि बेळगावचा कुंदा दोन्ही घरीच ठेवावीत. विमानतळावर ती कचऱ्यात जाताना पाहणे फार क्लेशाचे असते. ताजा कढीपत्ता तपासणीच्या दाखल्यावाचून चालत नाही. नारळ चालतो. गूळ, तांदूळ व नारळाचा दोदोल हरकतीचा नाही. आणि सुका बांगडा चालतो, अगदी काही किलो चालतो. फक्त तो भाजण्यापूर्वी खिडकी सताड उघडावी, हिवाळा असला तरी, आणि शक्यतो रविवारी भाजू नये. जिन्यातली सारी मंडळी त्या दिवशी घरीच असतात.